धूळ गेली असावी

६ जुलै, सकाळी ७.४०
उजव्या डोळ्यात काहीतरी खुपतंय. धूळ गेली असावी. नऊ दिवस पाऊस कोसळतोय, धूळ कुठून आणलीत, असं बायकोने विचारलं. तिला प्रश्न फार. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला डोळ्यांबद्दल शिकवू नये. डोळा चोळला, बरं वाटलं.
मालक १५ तारखेला नवी शाखा उघडताहेत. इन्चार्ज कोण, ते जाहीर व्हायचंय. म्हणजे मीच, फक्त मला अजून कोणी सांगितलेलं नाही.
संकल्प: तोवर शांत राहायचं.

६ जुलै, दुपारी
शांत राहणं जमलं नाही. मालकांच्या केबिनसमोरून अकरा वेळा गेलो. अकराव्या वेळी त्यांनी विचारलं, बरं वाटत नाहीये का.

७ जुलै
पापण्या चिकटलेल्या. झोप गाढ लागल्याचं लक्षण. बायको म्हणते डोळे आलेत, डॉक्टरकडे जा. मी म्हटलं, डोळे गिऱ्हाइकांचे येतात, स्टाफचे नाही. तिने माझा टॉवेल, उशी, साबण, सगळं वेगळं काढलं. एकोणीस वर्षांच्या संसारात ही वेळ आली.

८ जुलै
काउंटरवरच्या बाई, माझ्यानंतर सात वर्षांनी लागलेल्या, आज फार गोड बोलल्या. डोळा लाल दिसतोय, चार दिवस घरी आराम करा म्हणे. डाव लगेच ओळखला. मी घरी, शाखा यांच्या घशात!
तरी खबरदारी घेतली. ही साथ डोळ्यांत डोळे घालून बघितल्याने पसरते, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून दिवसभर एकाही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघितलं नाही. फ्रेम मात्र नेहमीप्रमाणे स्वतःच्या हाताने कानामागे बसवून दिल्या, आणि काचा माझ्या हातरुमालाने पुसून दिल्या. ती माझी खासियत. रुमाल मऊसूत आहे, डोळा पुसायलाही बरा पडतो.

१० जुलै
गॉगलची विक्री दुप्पट! परवाचीच गिऱ्हाइकं परत आली, घरच्यांना घेऊन आली. सगळ्यांना काळा चष्मा हवा. माणसं जोडणं म्हणतात ते हेच.
बाई दर गिऱ्हाइकानंतर साबणाने हात धुतात. आज मोजलं, तेवीस वेळा. अशाने धंदा होतो होय?
मीही गॉगल लावला. शोकेसवर आदळलो. ती शोकेस तिथे नकोच होती, मागेच सांगितलं होतं.

११ जुलै, सकाळी ६.१५
आता डावाही. धूळ दोन्हीकडून गेली असावी. फ्रिजमध्ये गेल्या वर्षीची थेंबांची बाटली सापडली. लेबल पुसट झालंय, पण निळं झाकण बरोबर ओळखलं. दोन-दोन थेंब. भयंकर आग. म्हणजे औषध लागू पडतंय.

११ जुलै, संध्याकाळी
बायकोने लेबल वाचलं. पुसट वगैरे काही नव्हतं. कानात घालायचे थेंब होते, तिचे. आता कान आणि डोळा यांत असं अंतर ते किती? तरी उद्या डॉक्टरकडे जाईन. नक्की.

१२ जुलै
गेलो नाही. पाऊस.

१३ जुलै
दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात. उजव्या डोळ्याला उजेड सहन होत नाही. सकाळी रस्त्यापलीकडून आमच्याच दुकानाची पाटी वाचता आली नाही. भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, फार भीती वाटली. खोलीत इकडून तिकडे फेऱ्या मारतोय. डॉक्टर आठ दिवस घरी बस म्हणणार, आणि शाखा हातची जाणार. सोळाला जाईन.
बायकोला सांगितलं, डॉक्टरकडे जाऊन आलो.  तिने नुसता औषधाचा कागद मागितला. म्हटलं, पावसात भिजला.

१४ जुलै
उद्घाटनाला डोळ्यांच्या डॉक्टरबाई येणार, मोफत तपासणी. लोकांची भीड चेपायला आधी स्टाफपैकी कोणीतरी बसा, असं मालक म्हणाले. मी हात वर केला. मालकांचा चेहरा खुलला. खुलला असावा, नीट दिसला नाही.
काळजीचं कारण नाही. अक्षरांचा तक्ता बावीस वर्षं रोज कानावर पडतोय. ट. र ग. प न ल. क म ठ द. झोपेत उठवून विचारा.

१५ जुलै
मी सांगतोय, बायको लिहितेय. मला लिहा-वाचायची बंदी आहे.
वीसेक माणसं जमली होती. (पन्नास. – बायको) डॉक्टरबाईंनी डावा डोळा झाकायला सांगितला. समोर भिंतीवर पांढरं, चौकोनी. मी खणखणीत आवाजात चारही ओळी म्हटल्या. शेवटच्या ओळीला मुद्दाम जरा अडखळलो, खरं वाटावं म्हणून. मग टाळ्यांसाठी थांबलो.
 डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, ते कॅलेंडर आहे. तक्ता अजून लावलेला नाही.
तक्ता लावायचं काम कोणाकडे होतं, ते इथे लिहायची गरज नाही. (यांच्याकडेच. – बायको)
बुबुळाला जखम आहे. आणखी दोन दिवस काढले असते तर उजवी नजर कायमची अधू झाली असती. आता महिनाभर घरी. शाखा बाईंकडे गेली.
मालक घरापर्यंत सोडायला आले. खिशातून एक पाकीट काढून बायकोच्या हातात दिलं. तिने वाचून दाखवलं. मला इन्चार्ज नेमल्याचं पत्र. तारीख सहा जुलै. आठ दिवस रजा मागितली असती तर दिली असती, तुमच्यासाठी थांबलोच असतो, असं म्हणाले.
इथे बायको लिहायची थांबली. मागची पानं उलटत होती. तेरा तारखेपाशी पानांचा आवाज थांबला, मग नाक ओढल्याचा आला. काय झालं, विचारलं.
म्हणाली, धूळ गेली असावी.