कोपरा तेवढा वाचला होता

मंगळवार, संध्याकाळ. फ्लेक्सच्या दुकानातच बसून.

डोकं फिरलंय नुसतं. राजूरच्या चतुर्थीच्या बॅनरवर, गणपतीच्या मागं, आठवडाभर फ्रॅक्टलची नक्षी करून राह्यले होते. एक पान, त्याच्या काठावर तसंच बारीक पान, त्याच्या काठावर आणखी बारीक, असं पार फ्लेक्सभर. फुकटचं सॉफ्टवेअर, जुना कॉम्प्युटर. झूम केलं की हँग. कुणी सांगितलं होतं करायला? कुणीच न्हाई.

आज ज्यांचं बॅनर ते बबनभाऊ आले. "लई भारी, ताई," म्हणले, आणि मंग शुभेच्छुकांचे फोटो मोबाईलवरून धाडतच सुटले. गणपतीच्या दोन्ही बाजूंना तोंडंच तोंडं. डावा कोपरा तेवढा वाचला. म्हटलं, कोपरा तर कोपरा. फ्रॅक्टलचा तुकडासुद्धा अख्ख्यासारखाच असतो.

निघता निघता भाऊ थांबले. "त्या कोपऱ्यात मोकळंमोकळं दिसून राह्यलं. ताई, तिथं तुमचाच फोटो टाका. एवढी मेहनत घेतली तुम्ही."

बिलकुल मनापासून म्हणले. भांडायचं तरी कसं?

आणि मी काय केलं? केस सारखे केले, सेल्फी काढला आणि तो कोपरा माझ्याच तोंडानं झाकला.