भेटकलमाचे चार हात

आये, तुझा कलमाचा चाकू माझ्याकडे आहे. पुण्यातल्या प्रयोगशाळेत, माझ्या टेबलाच्या खणात.

वेंगुर्ल्याच्या त्या रोपवाटिकेत बाकीच्या बायका पाणी घालायच्या, भेटकलमं बांधायचीस ती तू एकटी. नवा गडी आला की मालक सांगायचे, आधी हिचे हात बघ. रायवळ आंब्याचं कुंडीतलं रोप हापूसच्या फांदीशी न्यायचं, दोघांची साल तासून जखमेला जखम लावायची, केळीच्या सोपटाने आवळायचं. सांधा जुळला की रायवळाचा शेंडा वरून कापायचा आणि हापूसची फांदी खालून. दहा वर्षांची मी, अतिशहाणी, तुझा डोळा चुकवून चाकू चालवला आणि हापूसच वरून उडवला. उरलं नुसतं रायवळ! मालक तणतणत आले. तू मला पाठीशी घातलंस. "माझ्याच हातान झाला, भाऊनू." घरी येताना मात्र माझा कान पिळलास. "जोडूक कोणाकय येता गो. खंय कापूचा, ता कळाक होया!" ते रोप तू परसात लावलंस. अजून फळतं, आणि दरवर्षी मी त्याचेच आंबे मागवते.

पीएचडी झाल्यावर मी घरी आले होते. तू ओटीवर काजू सोलत होतीस. "तू थंय नेमका काय करतंस गो?" मी मोबाइलमधून मानही वर न करता म्हटलं, "तुका नाय कळाचा." तू "बरा" म्हणालीस आणि पुन्हा काजू घेतलेस. त्यानंतर कधी विचारलं नाहीस, आणि दोन वर्षांनी गेलीस.

तर आता ऐक. पेशीतला डीएनए तुटला की तो आपल्यासारख्याच शेजारच्या धाग्याला जाऊन भिडतो, त्याच्यावरून आपला तुटलेला भाग भरून घेतो. त्यात दोघे गुंततात आणि चार हातांचा सांधा होतो, अगदी तुझ्या भेटकलमासारखा, दोन शेंडे वर, दोन बुंधे खाली. तो तसाच राहिला तर पेशी दुभंगताना धागे फाटतात. म्हणून एक एन्झाइम येतं आणि सांध्यावर समोरासमोर दोन काप घेतं. काप कुठल्या जोडीवर पडले त्यावर ठरतं, हातांची अदलाबदल होते की जो तो आपल्या जागी राहतो. ते एन्झाइम जागा कशी ओळखतं, हे शोधण्यात माझी पंधरा वर्षं गेली.

गेल्या महिन्यात वर्गात हेच शिकवत होते. मुलं नुसती बघत राहिली. मग मी फळ्यावर कुंडी काढली, फांदी काढली, माझा पराक्रमही सांगितला. सगळे हसले आणि सगळ्यांना समजलं. एक मुलगी म्हणाली, मॅडम, हे पुस्तकात का नाही? म्हटलं, हे माझ्या आईचं आहे, ती कलमं बांधायची. एवढ्या अभिमानाने मी माझी पदवीही कधी सांगितली नसेल.

तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं यायची ती मीच वाचून दाखवायचे. तेव्हा हे पत्र चाकूशेजारी खणातच ठेवते. एक सांगायचं राहिलं, आये. त्या दिवशी ओटीवर माकाच सांगूक येय नव्हता गो.