आईच्या पायातला काटा

३ सप्टेंबर १९९१, मंगळवार
कंपनीच्या चेकअपमध्ये शुगर जरा वर दिसली, म्हणून कॅम्प तीन या सिंधी वस्तीतल्या डॉक्टरांकडे ग्लुकोज पिऊन टेस्ट केली. उपाशीपोटी ११८, दोन तासांनी १७२. बॉर्डरलाइन, म्हणाले. म्हणजे डायबिटीस नाही. मोरिवलीत शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाला हद्द शिकवायला नको. बांधाच्या अलीकडचं ते आपलं.

वय चव्वेचाळीस, वजन चौऱ्याऐंशी, काम खुर्चीतलं. सगळं त्यांनी लिहून घेतलं. घरात कुणाला साखर आहे का, विचारलं. नाही म्हटलं. आई पायात काटा जाऊन गेली, वर्षभर जखम भरली नाही. पाणी फार प्यायची का, म्हणाले. हंडा संपवायची. पण भातलावणी करणाऱ्या बाईला तहान लागणारच, म्हणून ते सांगितलं नाही. धाकटा भाऊ मधू आहे म्हटलं, तर त्यालाही तपासून घ्या, म्हणाले. बरं म्हटलं.

६ सप्टेंबर
संकल्प. रोज चालणे. चहा बिनसाखरेचा.
कॅम्प तीनपर्यंत चालत गेलो. तिथे सिंध्यांचं तळलेलं दाल-पकवान खाल्लं, त्यात साखर नसते. उशीर झाला म्हणून शेअर रिक्षाने परत. बायको, सगुणा, विचारत होती, मधूभावजींना सांगितलं का. वेळ बघून सांगतो म्हटलं. त्याला सांगायचं तर आधी माझं सांगावं लागेल, आणि घरात मोठा मी आहे.

१२ सप्टेंबर, गणपती
मोदक सात. गूळ म्हणजे साखर नव्हे. चहाचं उद्यापासून.
मधू आरतीतून दोनदा लघवीला मोरीकडे गेला, आल्यावर दोन तांबे पाणी प्यायला. उकाडाच तसा आहे. सणासुदीला रोगाचा विषय काढणं बरं दिसत नाही.

८ ऑक्टोबर, घटस्थापना
चालणं मधे सुटलं होतं. आज उपाय सुचला. आई नवरात्रात अनवाणी राहायची. ते व्रत आम्ही दोघा भावांनी धरायचं आणि रोज देवीला चालत जायचं. देवीचंही होईल, डॉक्टरांचंही होईल, आणि मधूला काही न सांगता त्याचा व्यायाम होईल. तो लगेच तयार झाला. माझ्या शब्दाबाहेर तो कधीच नसतो.
मला कंपनीत सेफ्टी शूज घालावे लागतात. तेवढ्याचा देवी दोष धरणार नाही.

१३ ऑक्टोबर
कारखान्यांच्या रस्त्यावर मधूच्या अंगठ्याखाली पत्र्याचा तुकडा घुसला. त्याला पत्ताच नाही. सगुणाला लादीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं. तो म्हणाला, मना काय दुखत नाय, दादूस. आईची पुण्याई, म्हटलं. खरंच अभिमान वाटला.

१८ ऑक्टोबर, दसरा
व्रत पार पडलं. वजन अर्धा किलो जास्त. वजनकाटा जुना आहे.
मधूला हळद-तेल लावतोय. पट्टी सोडली तर वास आला. ओळखीचा वाटला. खिडकी उघडली.

५ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
मधूची दोन बोटं काळी पडलीत. सगुणा म्हणाली, आता तरी डॉक्टरांचं सांगा त्यांना. दिवाळी झाली की नक्की. करंज्या दोनच खाल्ल्या. संध्याकाळी अंगणात उगाच रडायला आलं. फटाक्यांच्या धुराने असेल.

९ नोव्हेंबर, सकाळी
हॉस्पिटलात बसून लिहितोय. काल मधूचा पाय गुडघ्याखाली कापला. साखर ३९०. इथले डॉक्टर म्हणाले, साखरेनेच तळपायाची जाणीव गेली होती. म्हणून दुखलं नाही. दोन महिने आधी कळलं असतं तर पाय राहिला असता.

शुद्धीवर आल्यावर मधूने मला विचारलं, दादूस, तू जेवलास का.

नवरात्रात काढून ठेवलेल्या त्याच्या चपला सगुणा घेऊन आली होती, घरी येताना लागतील म्हणून. पिशवी तिने खाटेखाली सरकवली.

नर्स फॉर्म भरायला आली. घरात कुणाला साखर, म्हणाली. मी म्हटलं, आईला होती. ठमाबाई. मला बॉर्डरलाइन आहे, सप्टेंबरपासून ठाऊक आहे. तिने लिहून घेतलं. मधू जागा होता. त्याने भिंतीकडे तोंड केलं.