तीस हजारांत घाटाची सायकल

शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

सुभाषशी तोंडानं बोलायचं नाही आणि काम तर त्याच्याकडूनच करून घ्यायचं आहे, म्हणून ही वही. नवरा आहे तो माझा, कागदावर अजून. नऊ वर्षं मंचरला स्वतःच्या सायकल-दुकानामागच्या खोलीत राहतो. मी इथं निमगाव सावाला. बोललेलं तो नंतर फिरवतो. कंपनीतली पर्मनंट नोकरी सोडून दुकान टाकलं तेव्हा म्हणाला, 'तुला सांगितलं व्हतं की.' सांगितलं नव्हतं! तेव्हा आता जे ठरेल ते चिठ्ठीवर, आणि चिठ्ठीची नोंद इथं.

काम असं. दोन ऑक्टोबरला डिंभे ते तळेघर सायकलची चढाई स्पर्धा आहे. मुलींत पहिल्या तिघींना पुण्याच्या एका क्लबात वर्षभर राहणं, जेवण, कोच, सगळं फुकट. इंद्रायणी त्या तिघींत आलीच पाहिजे. लग्नानंतर तेरा वर्षांनी झालेली एकुलती एक. वीस वर्षांची आहे, मंचरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पाय माझे घेतलेत तिनं. मला आठशे मीटरला विद्यापीठाच्या संघात घेतलं होतं. वडिलांनी पाठवलं नाही. हिला अडवणारं कुणी नाही.

तिची जुनी सायकल अठरा किलोची. रेसची तयार बरी सायकल साठ हजारांच्या आत येत नाही. मी तीसच देणार. एकेक भाग घेऊन बांधायची. आणि अशी सायकल बांधता येणारा माणूस जुन्नर-आंबेगावात एकच. माझं नशीब!

मंगळवार, ९ सप्टेंबर

पहिली चिठ्ठी इंद्रायणीबरोबर पाठवली: 'फ्रेम मी पाहिली आहे. पुण्याची, वापरलेली, अॅल्युमिनियमची, पुढचा फोर्क कार्बनचा. मत मागितलेलं नाही.'

तो लिहीत नाही, निरोप धाडतो. इंद्रायणीनं हसू दाबत सांगितला — "पप्पा म्हणाले, मत न्हाई देत. पण जुना कार्बन घेऊ नये म्हणावं. आतला तडा दिसत न्हाई. घाट उतरताना दिसतो."

फ्रेम तीच घेतली. पुढचं चाक धरणारा फोर्क मात्र स्टीलचा. त्याच्या सांगण्यावरून नव्हे. मोडलेल्या कार्बनचे फोटो मी स्वतः पाहिले.

रविवार, १४ सप्टेंबर

गिअरचा हिशेब मांडला. छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय, एवढं मलाही कळतं. पुढचं लहान चक्र चौतीस दातांचं, मागचं सगळ्यांत मोठं बत्तीसचं — म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वादोन मीटर जाते. तळेघरच्या चढाला हेच हवं. रेसच्या सायकलींना मागं अठ्ठावीस येतं; ते सपाटीवर फुशारकी मारायला. दोन पानं आकडेमोड करून चिठ्ठी दिली.

उत्तर: "बत्तीसचं चक्र आठ दिवस झालं काढून ठिवलंय. आमी पायानं मोजतो."

चिठ्ठी वाचलीसुद्धा नसेल!

सोमवार, १५ सप्टेंबर

इंद्रायणीची नखं काळी. साबणानं निघत नाहीत. सराव करते की कोळसा विकते?

शुक्रवार, १९ सप्टेंबर

भांडण. डिरेलरवरून — साखळीला एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा पिंजरा. सुभाषचं म्हणणं, लांब पिंजऱ्याचा नवा घ्या. मला नाशिकचा एक वापरलेला मिळत होता, अर्ध्या किमतीत, चकचकीत. निरोप आला, "त्यो आखूड हाय. बत्तीसला पुरायचा न्हाई."

त्याला प्रत्येक वस्तू नवीच लागते, आणि पैसे नेहमी दुसऱ्याचे. मी नाशिकचाच मागवला.

आज इंद्रायणीच्या दप्तरात एक छोटा गोल पाना सापडला. चाकाच्या तारा आवळायचा, लाल रंग उडालेला. सुभाषचाच. "दुकानातल्या वस्तू माझ्या घरात आणायच्या नाहीत," म्हटलं. तिनं पाना परत दप्तरात टाकला. उद्या परत देईल.

सोमवार, २२ सप्टेंबर — घटस्थापना

घट बसवले आणि दहाच्या गाडीनं मंचर गाठलं. चिठ्ठ्यांनी भागेना. सीटची नळी फ्रेममध्ये सरकते, असं इंद्रायणी म्हणाली. सुभाष म्हणे पत्रा घालून बसवतो. पत्रा! माझी मुलगी चढावर उभी राहून पेडल मारणार आणि खाली डब्याचा पत्रा!

पेटीतून माझा व्हर्निअर कॅलिपर काढून नेला होता. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला घेतलेला, लाकडी पेटीसकट अजून जसाच्या तसा. शाळेच्या मुलांच्या हातीसुद्धा दिला नाही कधी. काही न बोलता दुकानात शिरले. नळी मोजली: सव्वीस पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर. फ्रेमचं भोक: सत्तावीस पूर्णांक दोन दशांश. चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहून गल्ल्यावर ठेवली.

सुभाष बघत राहिला. मग शेजारच्या चहावाल्या भगवंतला, मला ऐकू जाईल असं — "यंत्र बरं हाय. मालकीण लई कडक हाय."

भगवंत म्हणाला, "वहिनी, चहा घ्या."

"मी इथं पाहुणी नाही," म्हटलं.

"मग काय हाय?" — हा सुभाष. मी चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहिली. नळी बरोबर मापाची आणायला लावली.

इंद्रायणी मात्र व्हर्निअर हातात घेऊन उभी. गाडीत मला म्हणाली, "आई, वाचायचा कसा ते परत दाखव ना." मी म्हटलं, आधी घाट चढून दाखव.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

नाशिकचा डिरेलर बत्तीसला पुरत नाही. साखळी मोठ्या चक्रावर गेली की पिंजरा ताणून अडकतो. इंद्रायणीनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मागून सुभाषचा आवाज: "मोजून घ्यायचा व्हता ना यंत्रानं!"

चूक माझी. इथं लिहिते, त्याला सांगणार नाही.

लांब पिंजऱ्याचा नवा मागवला. मंगळवारी येईल. सहा दिवस उरले आणि सायकल खुंटीला टांगलेली!

शनिवार, २७ सप्टेंबर

सव्वासातला घरी आली. उसाच्या कडेनं, एकटी! परवाच मळ्यात बिबट्यानं वासरू नेलं. दिवस मावळायच्या आत घरी यायचं, हा नियम. "सराव होता." अंगाला घाम नव्हता. ग्रीसचा वास होता. दुकानात बसून वेळ काढते आणि मला सराव सांगते. बाप बिघडवतोय.

मंगळवार, ३० सप्टेंबर

डिरेलर आला, बसला. इंद्रायणीचा फोन आला की वायर ताणलेली आहे, फक्त साखळी अजून दोन चक्रांत खडखडते, ते उद्या. उद्या मी स्वतः जाणार.

बुधवार, १ ऑक्टोबर — खंडेनवमी

क्रमानं लिहिते.

अकराला दुकानात पोचले. शटर अर्धं वर. फरशी धुतलेली, पाट मांडलेला, झेंडूचे हार. पाटावर सगळी हत्यारं हळदकुंकू लावून ओळीनं. सुभाष धुतलेला सदरा घालून बसलेला. सायकल भिंतीला टेकवलेली.

नऊ वर्षांत त्याच्याशी पहिलं वाक्य मीच बोलले. "साखळी खडखडतेय ती नीट कर. उद्या सकाळी सातला स्पर्धा आहे."

"आज हत्याराला हात न्हाई लावायचा."

"एक स्क्रू फिरवायचा आहे!"

"कंपनीत व्हतो तवा बी न्हाई लावला. साहेब आला व्हता मागं लागून. त्याला बी न्हाई म्हणालो." मग हळूच, "आखूड पिंजऱ्यानं चार दिवस खाल्लं. त्याची पूजा तू करतीस का?"

मी पाटाकडं वळले, पाना उचलायलाच. आणि हात थांबला. पाटावर ओळी दोन होत्या. एक सुभाषची, मुठी झिजलेली हत्यारं. दुसरी नवी, कमी हत्यारांची, पुढं वेगळा नारळ. त्या ओळीत सगळ्यांत पुढं कुंकू लावलेला तो छोटा गोल पाना. लाल रंग उडालेला. मी परत पाठवलेला.

"ही कुणाची?"

मागच्या खोलीतून इंद्रायणी आली, हातात निरांजन. या वेळेला ती कॉलेजात असायला हवी होती.

"माझी," म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. जूनपासून कॉलेज सुटलं की दुकान. दोन्ही चाकांच्या तारा तिनं भरल्या, तिनं आवळल्या. बत्तीसचं चक्र तिनं काढून ठेवलं होतं. सीटची नळी सरकते हे तिनं पकडलं. सराव आठवड्यातून दोनदा. "मला स्पर्धा नको असं नाही आई. पण मला हे जास्त आवडतं."

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "पंक्चरवाली होणार?" हे बोलले. भगवंतच्या टपरीवर चार माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. सुभाष उठला — "मला बोल. तिला न्हाई." मी म्हटलं, माझी मुलगी तूच चोरलीस. तो म्हणाला, "मी कधी बोलावलं न्हाई तिला. रोज हाकलायचो. तुझीच हाय ती, ऐकती का?"

आमचं चाललेलं असताना इंद्रायणीनं निरांजन ठेवलं, सीट खांद्यावर घेऊन सायकलचं मागचं चाक उचललं आणि एका हातानं पेडल फिरवत दुसऱ्यानं गिअर बदलायला लागली. खडखड. पेडल सोडून वायरच्या टोकाची नळी दोन बोटांनी अर्धा आटा फिरवली. पुन्हा पेडल. डोळे मिटलेले, कान साखळीकडं. आणखी पाव आटा. साखळी आठही चक्रांवरून चढली, उतरली. आवाज नाही.

"हत्यारं पूजेत आहेत," ती म्हणाली, "बोटं नाहीत."

मी प्रसाद न घेता निघाले.

गुरुवार, २ ऑक्टोबर — दसरा

तळेघरला धुकं, बोचरी हवा. खाचरांत भात पिवळा पडायला लागलेला. शेवटच्या वळणावर, शर्यत संपते तिथं, छत्री घेऊन उभी राहिले. सुभाष रस्त्याच्या पलीकडं. दोघांत डांबर.

पहिली आली, दुसरी आली. तिसरी तळेघरचीच उज्ज्वला म्हणून मुलगी, कुणाची तरी मागून आणलेली सायकल, हात कोपरापर्यंत काळे. चौथी. मग इंद्रायणी. पाचवी!

तिचेही हात काळे. खालच्या वळणावरून आलेल्यांनी सांगितलं, उज्ज्वलाची साखळी चक्र आणि तारांच्या मध्ये अडकली होती. ही तिसरी चालली होती, उतरली, हातांनी साखळी सोडवून दिली, मग चढली. चढावर थांबल्यावर पुन्हा पाय बसतात का? मी आठशे मीटर धावलेली आहे. मला कुणी सांगू नये.

"का थांबलीस?" मी ओरडले. लोक वळून बघायला लागले.

धापा टाकत म्हणाली, "अडकली होती ना ती." आणि मग, चेहरा फुललेला — "आई, माझी साखळी एकदाही उडाली नाही! एकदाही नाही!"

पाचवी आलेली मुलगी असा चेहरा करत नाही. मी असा चेहरा केव्हा केला होता, आठवेना.

उज्ज्वलाची आई सोनं द्यायला आली. घेतलं. सुभाषनं रस्ता ओलांडला नाही, मीही नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

मंचरच्या दुकानी पोचतं केलं: आखूड पिंजऱ्याचा डिरेलर एक, चूक माझी, हे तोंडानं सांगून. जेवणाचा डबा दोन माणसांचा. इंद्रायणी, शनिवार-रविवार, बी.एस्सी. पुरी करण्याच्या आणि दिवस मावळायच्या आत घरी येण्याच्या अटीवर. व्हर्निअर कॅलिपर एक, माझा, लाकडी पेटीसकट, वाचायला शिकवून. पुढच्या खंडेनवमीला तो तिच्या ओळीत मांडावा.

पोच मागितली नाही.