न खाजणारी खूण

दि. ३ सप्टेंबर

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

कालव्याच्या जमिनीची मोजणी करायला इथे येऊन बारा दिवस झाले. काम ठीक चाललंय, मुक्काम मात्र ढेकणांच्या घरात पडलाय. घरमालकीणबाई बोलायला गोड, पण त्यांच्या गादीने माझी चाळण केली. पट्ट्याखाली कमरेभोवती सतरा पुळ्या, मोज्यांच्या काठाला दोन्ही पायांत मिळून बावीस, गुडघ्यांमागे सहा. खाज अशी की जेवताना एक हात टेबलाखालीच असतो. मोजणीदार असल्यामुळे नुसत्या वर्णनावर भागवत नाही. अंगाचा नकाशा प्रमाणात काढून सोबत जोडला आहे.

बाईंना लेखी तक्रार दिली आणि तिची नक्कल बाहेरच्या दारावर चिकटवली. इतर भाडेकरूंना अंधारात ठेवल्याचं पाप नको. दोघे कालच सामान उचलून गेले. खऱ्याला लोक साथ देतात, हे पाहून बरं वाटलं.

एका सहकाऱ्याच्या सल्ल्याने प्रत्येक पुळीवर नेलपॉलिश लावलंय, म्हणजे कातडीत शिरलेला किडा गुदमरून मरेल. दुकानात गुलाबीच शिल्लक होतं. भावजी हसणार असतील तर त्यांना सांगू नकोस.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर नाही म्हणणार नाही.

तुझा,
धाकटा

दि. ६ सप्टेंबर

चि. फूटपट्टीस, अ. उ. आशीर्वाद.

नकाशा पोचला. तुझ्या भावजींनी तो भिंतीवर लावायची परवानगी मागितली आहे. पाय प्लास्टरमध्ये असल्यापासून त्यांना करमणूक लागते. परिचारिका म्हणून तीस वर्षं काढली, पण इतका टापटिपीचा रोगी पाहिला नाही. उत्तर दिशा दाखवायला विसरला नाहीस, हे विशेष.

आता तुझाच नकाशा नीट बघ. ढेकूण उघड्या अंगाला चावतो. तुझी मान आणि हात कोरे आहेत. जिथे कपडा घट्ट बसतो, तिथेच सगळी वस्ती. हे चिगर, गवतातले लाल किडे, टाचणीच्या डोक्याहून लहान. तू डबा खायला गवतात बसतोस ना? मग चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? शिवाय ते कातडीत घर करत नाहीत. चावून केव्हाच गळून पडले. तू रिकाम्या घराला रंग दिलास.

कामावरून आलास की साबण लावून अंग चोळून धू आणि कपडे गरम पाण्यात टाक. पुळ्यांवर कॅलामाइन लाव, नखं लावू नकोस, पिकतील. पॅन्टचे पाय मोज्यात खोच, किडे पळवणारं मलम लाव आणि डब्याला घडीची खुर्ची ने. रुबाब कमी होईल, पण तो गुलाबी रंगाने झालाच आहे.

बाईंची माफी माग, त्याच दारावर. आणि हो, ताप नाही ना? न खाजणारी, न दुखणारी एखादी काळी खपली कुठे असेल तर लगेच डॉक्टरकडे जा.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी,
ताई

दि. ९ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बाई निर्दोष असतीलही, पण चौकशी पुरी झाल्याशिवाय माफी मागणं आमच्या खात्यात बसत नाही. खुर्ची मात्र नेतो.

तू म्हणतेस तशी खपली एक आहे. काखेत, वाटाण्याएवढी, चटका बसल्यासारखी काळी. खाजत नव्हती म्हणून नकाशात घेतली नाही. ज्या बांधाची तक्रार नाही तो आम्ही मोजत नाही, हा कामाचा शिरस्ता आहे. ताप परवापासून एकशे दोनच्या खाली उतरलेला नाही आणि डोकं ठणकतं, पण ते उन्हाने. तेवढ्यासाठी डॉक्टर कशाला? अक्षर हललंय, कारण टेबल डुगडुगतं.

आहे तो लोभ असू दे.

धाकटा

दि. ११ सप्टेंबर

घरमालकीणबाईंस, अनोळखी बाईचा स. न. वि. वि.

तुमच्या दारावर ज्याने कागद लावला, त्याची मी थोरली बहीण. त्याची बाजू मांडत नाही, कारण त्याला बाजूच नाही. तुमच्या घरात ढेकूण नाहीत, त्याला गवतातले किडे चावले आहेत.

पण मला भीती वाटते. त्याला ताप आहे आणि काखेत काळी खपली आहे. हा त्या किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस असू शकतो. साध्या गोळ्यांनी बरा होतो, पण उशीर झाला तर माणूस हातचा जातो. घरात यांचा पाय मोडलेला, मला हलता येत नाही. टपालावर भरवसा नाही, म्हणून हे पत्र पहिल्या बसच्या कंडक्टरच्या हाती देते. त्याला आजच दवाखान्यात न्या. डॉक्टरांना तीनच गोष्टी सांगा : गवतातलं काम, ताप, काळी खपली. तो मध्ये बोलेल, बोलू देऊ नका.

तुम्ही त्याचं काही देणं लागत नाही. तरी हात जोडते.

एक बहीण

दि. १५ सप्टेंबर

ताईंना स. न. वि. वि.

आधी चांगलं सांगते. गोळ्या सुरू केल्या आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर खपली पाहून तपासणीच्या कागदासाठी थांबलेच नाहीत. तुमचे भाऊ आता वरणभात मागतात आणि मीठ कमी असल्याचं सांगतात, म्हणजे धोका टळला. दारावर त्यांनी नवा कागद लावलाय. ‘फेरतपासणीअंती गादी निर्दोष आढळली’ असं त्यावर लिहिलंय. माफी हा शब्द नाही, पण सही ठळक आहे. गेलेल्यांपैकी एक भाडेकरू परत आला.

आता दुसरं. तुमचं पत्र मला सकाळी दहाला मिळालं आणि मी त्यांना चारला नेलं. मधले सहा तास मी भांडी घासली, पडदे धुतले. ज्याने माझं नाव घालवलं, त्याला मी का उचलायचं, हेच डोक्यात होतं. चारला दार उघडलं तर ते भिंतीशी बोलत होते. आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना हे सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय घास गिळवेना.

राग आला तरी कळवा.

घरमालकीण

दि. १८ सप्टेंबर

माझ्या बाईंस, स. न. वि. वि.

राग कसला येणार? तुमच्या हाती पत्र पडलं आणि सहा तासांत तुम्ही उठलात. तुम्ही तरी चिडला होतात. मी मजेत होते. माझं सहा तारखेचं पत्र त्याच्याकडे असेल, वाचून बघा. पानभर थट्टा केली आहे, आणि ताप आहे का हे विचारलंय ते शेवटच्या ओळींत. तीस वर्षं परिचारिका होते मी.

तुमचे सहा तास माझ्यापाशी राहतील. माझं ते पान तुमच्यापाशी राहू द्या.

तुमची,
ताई