फाटकाने परत पाठवलेली भाऊबीज

जयनगर, बेंगळुरू
२४ ऑक्टोबर २०२५

चि. भागीरथीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला आहे आणि हातात मोबाइल देऊन बसवलेल्या तुझ्यासारख्या सगळ्या म्हाताऱ्या बहिणींनाही आहे. तुमच्या दारात कोणी यावं हे आता तुम्ही ठरवत नाही, एक काचेचा तुकडा ठरवतो!

काल भाऊबीज. दोन बस बदलून, धारवाडी पेढे घेऊन मी येलहंकाला तुझ्या सोसायटीच्या फाटकाशी उभा राहिलो. कल्लाप्पा वॉचमन मला किती वर्षं ओळखतो! तरी स्वल्प थांबा अण्णा म्हणाला, माझा फोटो काढला आणि तुझ्या मोबाइलवर पाठवला. मी काय दरोडेखोर? थोड्या वेळाने त्याच्या हातातल्या यंत्रावर लाल अक्षरं आली, प्रवेश नाकारला. बिचाऱ्याने मान खाली घातली.

भागीरथी, जन्मभर भाषणं केली, सभेत चपलाही झेलल्या. पण बहिणीच्या दारातून कुणी हाकललं नव्हतं. मी नको असेन तर सरळ सांग. फोन करू नकोस, उचलणार नाही. लिही.

लोभ असावा, असं आज लिहवत नाही.
नरसिंहअण्णा

येलहंका
२८ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णांना भागीरथीचा शि. सा. न. वि. वि.

नाकारलं? मी? तुम्हाला? पत्र वाचून आधी रडले, आता भांडायला बसले आहे.

पाट मांडला होता. वाटीत कुंकू तेलात कालवत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर तुमचा फोटो, कपाळावरच्या आठ्यांसकट! हिरव्या खुणेवर बोट दाबलं, तर तेलकट बोट त्याला कळेना. पदराने पुसायला गेले, तर सगळा पडदा कुंकवाने माखला. तेवढ्यात मुदत संपली. उत्तर आलं नाही की तो नकारच धरायचा, असं सोसायटीने ठरवून ठेवलंय म्हणे. धावत खाली आले, तर तुम्ही निघून गेलेले. सभेत लोकांना तास तास बसवून ठेवता, बहिणीसाठी जरा थांबला असतात तर?

माझा संतोषकुमार रोज मला शिकवतो आणि रोज माझ्यावर चिडतो. पुढच्या वर्षी मामाला व्हिडिओवर ओवाळ म्हणतो. पडद्याला ओवाळू? वरच्या मजल्यावरच्या कस्तुराबाईंची लेकही अशीच फाटकातून परत गेली. नऊ तारखेला, रविवारी, सोसायटीची सभा आहे. मी तिथे बोलेन म्हटलं, तर संतोष हसला. सभासुद्धा मोबाइलवरच आहे म्हणे!

ओवाळणं राहिलंय, अण्णा. माझ्यावरची माया फाटकाबाहेर ठेवू नका.
तुमची भागीरथी

जयनगर
१ नोव्हेंबर २०२५

चि. भागीरथीस अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर रागावलो ते चुकलं. आता तो राग योग्य जागी नेऊ.

म्हातारीला वेळेत बोट दाबता आलं नाही, तर तो तिचा नकार समजायचा, हे कुणी ठरवलं? यंत्राने नव्हे! तुझ्या संतोषकुमारसारख्या शिकल्यासवरल्या माणसांनी ठरवलं. मी यंत्राचा वैरी नाही, माझा मोतीबिंदू यंत्रानेच काढला. पण कल्लाप्पाने डोळे असून ओळखायचं नाही, आणि तू घर असून दार उघडायचं नाही? याला सोय म्हणतात? हा अपमान आहे, आणि तो तुमच्याकडूनच महिन्याच्या महिन्याला वर्गणी घेऊन केला जातो! संतोषला सांग, मामा म्हणतो, तुझी आई अडाणी नाही, तुझं फाटक अडाणी आहे.

अर्ज करू नका, विनवण्या करू नका. त्यांची सभा चालू दे मोबाइलवर. त्याच रविवारी सकाळी दहाला तू आणि कस्तुराबाई खुर्च्या घेऊन खाली या. कन्नडात, मराठीत, जमेल त्या भाषेत बाकीच्या म्हाताऱ्यांना हाका मारा आणि फाटकातच बसा. कल्लाप्पाला बाजूला बसवा, म्हणजे त्याच्या नोकरीवर गदा येणार नाही. येईल त्याची तुम्हीच चौकशी करा आणि तुम्हीच आत घ्या. अकराला मी येतो. फोटो काढू देणार नाही.

लोभ आहेच, तो वाढेल तुझ्या घरात बसून.
तुझा अण्णा

ता. क. संतोष अडवील. ऐकू नकोस. रविवारी खुर्ची उचल, खाली ये आणि मला हाताला धरून आत ने.