माहेरच्या विहिरीचं दातवण

पंचवटी, नाशिक. सोमवार, डिसेंबर १९३८

लग्न झाल्यापासून तोंडावर पदर धरूनच हसते. दातांवरचे तपकिरी डाग पाहून सासूबाईंना वाटायचं, मी चोरून मिश्री लावते. किती शपथा घेतल्या! आज दाढ ठणकली, तर सासूबाईच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "माहेरी सगळ्यांचेच दात असे?" म्हटलं, अख्ख्या गावाचे. "मग हा विहिरीच्या पाण्याचा दोष, मिश्रीचा नव्हे." देव त्यांचं भलं करो!

परतताना घाटाशी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी बायका मुद्दाम दातवण लावून दात काळे करायच्या. तुझं काम विहिरीनंच केलं!" आणि स्वतःचे काळेभोर दात दाखवत खदखदून हसल्या. मीही हसले. पदर? आत्ता लिहिताना आठवतंय, तो खांद्यावरच होता.